आजोबांचं गाव कुठलं? बेने इस्राएल घराण्याची वंशावळ शोधताना

आमच्या माळ्यावर एक पितळी पातेलं होतं. कल्हई गेलेलं, एका बाजूनं चेपलेलं. भंगारात द्यायला खाली काढलं तेव्हा काठाखाली टोचून कोरलेली अक्षरं दिसली. चिंच लावून घासल्यावर वाचता आली : 'शालोम एझेकिएल चेऊलकर, ता. ११-२-१९३४'.

त्याआधी दोन वर्षं मी पणजोबांना 'शालोम एझेकिएल' म्हणून आणि आजोबांना 'बेंजामिन शालोम' म्हणून शोधत होते. कागदोपत्री त्यांची नावं तीच होती. 'चेऊलकर' हा शब्द आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नव्हता. तो मिळाल्यावर चार महिन्यांत इतकं सापडलं की दोन वर्षं चुकीच्या नावामागे घालवल्याची हळहळ वाटली. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

हे मुख्यतः कोकणातून आलेल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे यहुदी घराण्यांसाठी आहे. बगदादी किंवा कोचीनचे यहुदी असाल तर माणसांशी बोलण्याचा आणि स्थलांतराचा भाग उपयोगी पडेल, पण तुमच्या नोंदी वेगळ्या सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनास्थळात) आणि वेगळ्या कबरस्तानात असतील.

१. आधी माणसं, मग कागद

उलटं करू नका. कागद शंभर वर्षं थांबले आहेत, ते आणखी वर्षभर थांबतील. नव्वदीतली आत्या थांबेलच असं नाही. आणि कोणत्या नावानं शोधायचं हे ठाऊक नसेल तर कागद तुमच्यासमोर असूनही हाती लागत नाही.

'आपला इतिहास सांग' म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात. 'मला काय माहीत गं, मी लहान होते' हे उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा छोटं विचारा. घरात पाणी कुठून यायचं? शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी चूल कोण पेटवायचं? मलिद्याला, म्हणजे आपल्या घरच्या प्रार्थनाविधीला, कुणाकुणाला बोलावणं जायचं? बोलावण्याची यादी म्हणजे नात्यांची यादीच असते. सुट्टीत कोणत्या गावाला जायचात, बोटीनं की एसटीनं, उतरल्यावर किती चालावं लागायचं? माझ्या आत्याला गावाचं नाव आठवेना, पण 'रेवदंड्याला जाताना मध्ये उतरायचो' हे आठवलं. चौलचा मार्ग तिथूनच सुरू झाला.

तारखा विचारू नका, सण विचारा. आपल्या जुन्या माणसांकडे सणांची मराठी नावं आहेत आणि ती कॅलेंडरचं काम करतात. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, आपलं नवीन वर्ष. दारफळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, दारं लावून घरात बसण्याचा दिवस. होळीचा सण म्हणजे पुरीम. बिरड्याचा सण म्हणजे तिशा बआव, वालाचं बिरडं खाण्याचा. इस्राएलमधल्या दिमोनाहून व्हिडिओ कॉलवर आत्या म्हणाली, "आजोबा बिरड्याच्या सणाच्या आदल्या दिवशी गेले. तेव्हा नुकतंच रेशनिंग आलेलं, लोकांना चहाला साखर पुरेना." मुंबईत रेशनिंग सुरू झालं मे १९४३ मध्ये. त्या वर्षी तिशा बआव होता १० ऑगस्टला. आत्याचे आजोबा म्हणजे माझे पणजोबा. मी त्यांच्या ९ ऑगस्ट १९४३ च्या मृत्यूनोंदीचा उतारा मागितला आणि तो मिळाला. त्याआधी मी तीच नोंद '१९४० ते १९५०' असा दहा वर्षांचा पट्टा धरून मागत होते आणि दर वेळी नकार घेऊन परत येत होते.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, पण परवानगी घेऊन. एका बैठकीत तासाभराहून जास्त बसवू नका. फोटोंचा अल्बम सोबत न्या. चेहरा दिसला की नाव आठवतं. आणि पुन्हा जा. दुसऱ्या भेटीत जे निघतं ते पहिल्या भेटीत निघत नाही.

एक जपून करायची गोष्ट. समाजात एके काळी गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद मानला जायचा, आणि त्यानं माणसं दुखावली गेली आहेत. कुणी दत्तक असेल, कुणाचं लग्न बाहेर झालं असेल. समोरच्यानं विषय बदलला तर तुम्हीही बदला. ती माहिती तुमच्या तक्त्यात नसली तरी चालेल.

२. नावाचा गुंता सोडवा

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आपली मूळ आडनावं गावावरून आली : पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, नवगावचे नवगावकर, वाक्रुळचे वाक्रुळकर, चौलचे चेऊलकर. मुंबईत इंग्रजी शाळा आणि सरकारी नोकरी आल्यावर अनेकांनी गावाचं नाव गाळलं आणि वडिलांचं नाव आडनावाच्या जागी ठेवलं. त्यामुळे दर पिढीला आडनाव बदलू शकतं. एझेकिएलचा मुलगा शालोम एझेकिएल, त्याचा मुलगा बेंजामिन शालोम. सख्ख्या भावांतही फरक पडतो. माझे आजोबा 'शालोम' झाले, त्यांचे धाकटे भाऊ 'चेऊलकर' राहिले. दोघांच्या नातवंडांना आपण एकाच घरातले आहोत हे माहीत नव्हतं. मुंबईत महालक्ष्मी-वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा आहे ते १९३७ चे महापौर एलिजा मोझेस मूळचे राजपूरकर. रस्त्याच्या पाटीवरून हे कळत नाही.

त्याच्याही मागे गेलात तर नावांचं रूपच बदलतं. १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, शआर हारहमीम, बांधणारे सॅम्युअल एझेकिएल दिवेकर जुन्या उल्लेखांत समाजी हस्साजी दिवेकर म्हणून भेटतात. सॅम्युअलचा समाजी, एझेकिएलचा हस्साजी. तसेच इसहाकचा इसाजी, अब्राहमचा अबाजी, मोझेसचा मुसाजी. मोडी कागदात 'समाजी बिन हस्साजी' दिसलं तर 'बिन' म्हणजे मुलगा. तो शब्द त्या काळी सगळ्याच जातींच्या नोंदींत असायचा, त्यावरून माणूस यहुदी ठरत नाही.

दोन सापळे लक्षात ठेवा. पेणकर, दिवेकर, रोहेकर ही आडनावं इतर समाजांतही आहेत, म्हणून नुसत्या आडनावावर कुणाला आपला पूर्वज करू नका. आणि दोन बेने इस्राएल कुटुंबांचं आडनाव एक असलं म्हणजे रक्त एकच असतं असंही नाही. एका गावातून दोन वेगळी घराणी निघालेली असू शकतात.

एक साधा तक्ता करा. प्रत्येक माणसासमोर पाच रकाने : कागदावरचं नाव, हाकेचं नाव, हिब्रू नाव, वडिलांचं नाव, गावाचं नाव. शोध घेताना पाचही रूपांनी घ्या. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव हा सहावा रकाना हवाच. तो नसेल तर अर्धं झाड कापल्यासारखं होतं.

३. घरातलं सगळं बाहेर काढा

ट्रंका, माळे, देव्हाऱ्यासारखं जपलेलं सिदूरचं (प्रार्थनेच्या पुस्तकांचं) कपाट, सगळं बघा. शोधायच्या वस्तू :

- केतुबा, म्हणजे लग्नाचा करार. वर-वधूची हिब्रू नावं, वडिलांची नावं, ठिकाण आणि तारीख एकाच कागदावर मिळते.
- शाळा सोडल्याचा दाखला, जुने पासपोर्ट, रेशनकार्ड.
- रेल्वे, पोस्ट, कस्टम, पोलीस, लष्कर यांची सेवापुस्तकं, पेन्शनची कागदपत्रं, पदकं. पदकाच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते.
- प्रार्थनेच्या आणि हगादाच्या (पेसाहच्या सणाला वाचायच्या) पुस्तकांची कोरी पानं. जन्म-मृत्यू तिथेच लिहून ठेवायची पद्धत होती.
- इस्राएलहून आलेली पत्रं, पाकिटासकट. पाकिटावरचा पत्ता आणि शिक्का पत्रापेक्षा जास्त सांगतो.
- लग्नात आलेली भांडी. देणाऱ्याचं नाव आणि तारीख त्यांच्यावर असते.

प्रत्येक वस्तूचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. माझ्या आजीचा केतुबा कुणीतरी प्रेमानं लॅमिनेट करून ठेवला होता. शाई आतल्या आत पसरली आणि साक्षीदारांच्या सह्या गेल्या.

४. सिनेगॉग, शाळा, कबरस्तान

कुटुंब कोणत्या सिनेगॉगचं सभासद होतं ते आत्यालाच विचारा. मुंबईत शआर हारहमीम, मागेन हसिदीम, तिफेरेत इस्राएल, एत्झ हाईम. ठाण्यात शआर हाशामाईम (१८७९). कोकणात रेवदंड्याचं बेथ एल (१८४२), अलिबागचं मागेन आबोथ, पनवेलचं बेथ एल (१८४९), पेणचं बेथ हाएलोहीम (१८६३). जुन्या कागदांत सिनेगॉगला 'मशीद' म्हटलेलं असतं. मशीद बंदर हे नावसुद्धा शआर हारहमीमवरून आल्याचं मानलं जातं. म्हणून 'मशिदीजवळ राहणारे' असं वाचलंत तर लगेच मुसलमान वस्ती समजू नका.

सिनेगॉगला आधी पत्र किंवा फोन करा, शब्बाथ आणि सण टाळा, आणि 'सगळी रजिस्टरं दाखवा' असं न म्हणता नाव आणि वर्ष सांगून विचारा. अनेक ठिकाणी आता मोजकीच माणसं उरली आहेत आणि ती स्वतःच्या वेळात हे काम करतात.

माझगावचं सर एली कदूरी हायस्कूल म्हणजे पूर्वीचं इस्राएलाइट स्कूल, १८७५ चं. शाळेचं जनरल रजिस्टर फार मोलाचं असतं : जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचं नाव, कधी पालकाचा धंदाही. कोणत्याही जुन्या मराठी शाळेत जातीच्या रकान्यात 'इस्राएल', 'बेने इस्राएल', 'यहुदी' किंवा 'ज्यू' यांपैकी काहीही असू शकतं.

कबरस्तानात जाताना पाण्याची बाटली, मऊ ब्रश आणि छत्री न्या. दगडावर खडू, चुना, अॅसिड काही घासू नका. अक्षर दिसत नसेल तर पाणी शिंपडा आणि सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना फोटो काढा. एकाच दगडावर मराठी, हिब्रू आणि इंग्रजी असेल तर तिन्ही वाचून घ्या. हिब्रूत वडिलांचं नाव असतं, मराठीत बहुधा गाव असतं.

हिब्रू वर्ष अक्षरांत लिहितात आणि पाच हजारांचा आकडा गाळतात. तव म्हणजे ४००, शिन ३००, खेत ८. तिन्ही मिळून ७०८, म्हणजे ५७०८. त्यातून ३७६० वजा केले की १९४८. पण तारीख नव्याच्या सणापासून डिसेंबरपर्यंतची असेल तर ३७६१ वजा करा. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे पालिकेच्या दाखल्यात आणि दगडावर एका दिवसाचा फरक दिसला तर ती चूक असेलच असं नाही. मराठी दगडावर शके असेल तर ७८ मिळवा.

५. गावच्या आणि सरकारी नोंदी

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ विचारा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसह असतात. जमीन होती असं घरात बोललं जात असेल तर जुने सातबारा आणि फेरफार काढा. फेरफारात 'मयत, वारस अमुक' अशी नोंद सापडली तर एका ओळीत दोन पिढ्या मिळतात. जातीच्या जागी 'शनवार तेली' किंवा नुसतं 'तेली' दिसू शकतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली ही कोकणातली आपली जुनी ओळख.

यातलं बरंचसं मोडीत आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, त्यातून शिकलेले वाचक मिळतात. पान वाचायला देताना त्यांना संभाव्य नावं आधी देऊ नका. वाचकाला तुमचं नाव ठाऊक असलं की पुसट अक्षरात तेच दिसू लागतं. माझ्याकडून ही चूक झाली आणि एक परका माणूस वर्षभर माझा खापरपणजोबा होऊन बसला होता.

भूगोलाचे दोन सापळे. जुन्या कागदातला 'कुलाबा' म्हणजे मुंबईतला कुलाबा नव्हे, आजचा रायगड जिल्हा. नाव १९८१ मध्ये बदललं. आणि मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, म्हणून त्या गावांचे जुने कागद इंग्रजी अमलातल्या कुलाबा जिल्ह्याच्या दप्तरात शोधून उपयोग नाही.

पूर्वज लष्करात असेल तर मुंबई इलाख्याच्या पलटणींचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. पलटणींची नावं आणि क्रमांक बदलत गेले, तेव्हा पदकावरचं नाव जसंच्या तसं उतरवून घ्या.

६. देश सोडल्याच्या नोंदी

इथे पहिला प्रश्न 'कधी गेले' हा नाही, 'कोणत्या नावानं गेले' हा आहे.

इस्राएलला उतरल्यावर नाव हिब्रू अक्षरांत लिहिलं गेलं. त्या लिपीत स्वर बहुधा लिहीत नाहीत. 'प' आणि 'फ' एकाच अक्षरानं लिहितात, 'ब' आणि 'व' सुद्धा. 'च' साठी त्सादी या अक्षरावर खूण करावी लागते, ती राहिली की चेऊलकरचा 'त्सेउलकर' होतो. तेच नाव पुढे इंग्रजीत आणलं की तिसरंच काही होतं. माझ्या चुलत आजोबांचं कुटुंब मला अशाच वाकड्या नावाखाली सापडलं. म्हणून हिब्रू वाचणाऱ्या माणसाकडून आडनावाची पाच-सहा शक्य रूपं लिहून घ्या आणि प्रत्येकानं शोधा.

जेरुसलेमच्या सेंट्रल झायनिस्ट आर्काइव्हमध्ये स्थलांतरितांच्या याद्या आहेत आणि कुटुंबाचा शोध घेणाऱ्यांना तिथे मदत मिळते. घरात मात्र 'तेउदात ओले' शोधा, नव्यानं आलेल्याला मिळणारी पुस्तिका. तिच्यात येण्याची तारीख आणि कुटुंबातली माणसं असतात. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला इथल्या नातेवाइकांना तिचा फोटो मागा. माणसं हरवली असतील तर तिथल्या मराठी मंडळींत विचारा. इस्राएलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. त्याच्या जुन्या अंकांत माणसांचा माग लागू शकतो.

एकाच माणसाच्या येण्याच्या दोन तारखा दिसल्या तर गोंधळू नका. १९५०च्या सुरुवातीला गेलेल्या काही बेने इस्राएलांनी वागणुकीविरुद्ध तेल अवीवमध्ये धरणं धरलं आणि १९५२ मध्ये ते भारतात परतले. त्यातले बरेच पुढे पुन्हा गेले.

१९६२ ते १९६४ या काळातली पत्रं तर खास जपून वाचा. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बी मंडळानं बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये बेने इस्राएलांना वेगळं काढणारे ते शब्द बदलावे लागले. फार अपमानाचा काळ होता तो. आमच्याकडे त्यातलं एक निळं एरोग्राम आहे. चुलत आजोबांनी भावाला लिहिलेलं : 'आईच्या आईचे नाव व गाव कळवावे, केतुबा असल्यास नक्कल पाठवावी.' उत्तराचा कच्चा खर्डा मागच्या बाजूला पेन्सिलीनं आहे आणि त्यात चार पिढ्यांची नावं आहेत. ज्या चौकशीनं त्यांना दुखावलं, तिच्यामुळेच ती नावं माझ्यापर्यंत पोचली. तो कागद हातात घेतला की मला अजून भरून येतं.

कराचीत राहिलेलं घराणं असेल तर तिथलं सिनेगॉग, १८९३ चं मागेन शालोम, १९८८ मध्ये पाडलं गेलं. अशा कुटुंबांनी रेल्वे-कस्टमच्या सेवापुस्तकांवर आणि सोबत आणलेल्या कागदांवर भर द्यावा. इंग्लंडला गेलेल्यांसाठी तिथल्या नॅशनल आर्काइव्हमध्ये बोटींच्या उतारूंच्या याद्या आहेत : येणाऱ्यांच्या १८७८ ते १९६०, जाणाऱ्यांच्या १८९० ते १९६०. विमानानं गेलेले त्यात सापडणार नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. ज्यूइशजेन या यहुदी वंशावळीच्या संकेतस्थळावर दफनाच्या नोंदी आहेत, फिबिस या संस्थेच्या संकेतस्थळावर ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांच्या.

७. मांडून ठेवा

प्रत्येक नावाशेजारी ते कुठून मिळालं ते लिहा : 'आत्या, फोनवर', 'दगड, वरळी', 'फेरफार'. दोन वेगळ्या ठिकाणांहून दुजोरा मिळेपर्यंत नाव पेन्सिलीनंच ठेवा. जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते ऑनलाइन झाडात टाकू नका. डीएनए चाचणी शेवटी करा. चुलत भावंडं जुळतील, पण गाव कोणतं ते ती सांगणार नाही.

८. गावाला जा

हे टाळू नका. अलिबागला उतरून आधी इस्राएल आळीत जा, मग नवगावला. जहाज फुटून आलेल्या पहिल्या सात जोडप्यांची परंपरा जिथे सांगतात ते जुनं दफनस्थान तिथे आहे. मग तुमच्या आडनावाचं गाव गाठा. ग्रामपंचायतीच्या आधी सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या ओट्यावर बसा. 'इथे यहुदी कुठे राहायचे' असं विचारलंत तर मान हलवतील. 'शनवार तेल्यांचा घाणा कुठे होता' असं विचारा.

चौलला मी तसंच विचारलं. ओट्यावरचे एक आजोबा काठी टेकत उठले, वाडीच्या कडेपर्यंत आले आणि नारळांमधल्या एका मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. "घाण्याचा दगड होता तिथे. आमची आजी त्यांच्याकडूनच तेल आणायची," ते म्हणाले. "शुक्रवारी जायचं. शनिवारी मिळायचं नाही."